खाज थांबली म्हणजे बरं झालं असं नाही: गजकर्ण, खरूज, गळू, नागीण कशी ओळखायची

पुण्यात नवी पेठेत माझा दवाखाना आहे, साधी जनरल प्रॅक्टिस, ताप-खोकला-बीपी-शुगर सगळंच बघते, पण जून लागला की खाजेचे पेशंट एकदम वाढतात आणि पार दसरा उलटला तरी कमी होत नाहीत. बऱ्याच जणांच्या खिशात एक ट्यूब असते, पिळून पिळून सपाट झालेली, आणि वाक्य ठरलेलं असतं, "मॅडम, मेडिकलमधून आणली होती, दोन दिवसांत एकदम बरं वाटलं, मग परत आलं आणि आता पसरलंय." हे दोन दिवसांत बरं वाटणं नेमकं काय असतं ते एकदा नीट कळलं ना, की पुढचे सहा महिने वाचतात, म्हणून हे सगळं लिहायला बसलेय.

कातडीला इन्फेक्शन करणारे चार वेगवेगळे जीव असतात. बुरशी म्हणजे फंगस, बॅक्टेरिया, व्हायरस आणि खरजेचा किडा. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही, म्हणजे बुरशीचं मलम गळवावर कितीही चोळलं तरी गळू बसणार नाही, आणि खरजेवर अँटिबायोटिक खाऊन किडा मरणार नाही. आता या चौघांच्या औषधांशिवाय ट्यूबमध्ये अजून एक गोष्ट असते, स्टेरॉइड. ते या चौघांपैकी कुणालाच मारत नाही. खाज, लाली, सूज हे सगळं आपलं शरीर त्या जिवाशी भांडत असतं म्हणून होतं, आणि स्टेरॉइड ते भांडणच बंद पाडतं. खाज गेली, लाली गेली, आपल्याला वाटलं बरं झालं, आणि आत बुरशीला मोकळं रान मिळालं. मेडिकलमध्ये "खाजेवर काहीतरी द्या" म्हटलं की जी ट्यूब हातात पडते तिच्यात बऱ्याचदा बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड असं तिन्ही एकत्र असतं, म्हणजे काहीही झालेलं असो, एक तीर लागेल असा हिशोब. पण स्टेरॉइड जोरदार असतं आणि बाकीची दोन त्याच्यापुढे कमी पडतात.

गजकर्णाचंच बघू, कारण सगळ्यात जास्त तेच दिसतं. कुणी नायटा म्हणतं, कुणी दाद, आणि हल्लीची मुलं सरळ "फंगल झालंय" म्हणतात. गोल चट्टा, कडा लाल आणि जराशी उचललेली, कडेला बारीक कोंडा, आणि मधला भाग त्या मानाने साफ, असं असेल तर बहुतेक गजकर्णच. जांघेत, कंबरेला नाडी-इलास्टिक बसतं तिथे, काखेत, बायकांना छातीच्या खाली, म्हणजे जिथे घाम साठतो तिथे. पुण्यात पावसाळ्यात जीन्स दोन-दोन दिवस वाळत नाही, मग अर्धवट ओलीच चढवायची, वरून रेनकोट, वरून दुचाकीवर तासभर ट्रॅफिक, बुरशीला याहून चांगली जागा कुठे मिळणार. ही बुरशी आपल्या कातडीच्या अगदी वरच्या थरातलं केराटिन खाऊन जगते, केस आणि नखं पण त्याचीच बनलेली असतात, म्हणून ती नखातही जाऊन बसते आणि तिथून परत परत खाली उतरते.

पूर्वी दोन-तीन आठवडे मलम लावलं की गजकर्ण जायचं. आता जात नाही, आणि याला कारण आहे. भारतात गेल्या काही वर्षांत एक नवीनच बुरशी पसरलीय, ट्रायकोफायटन इंडोटिनी, २०२० मध्ये जपानमधल्या संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी पेशंटच्या नमुन्यांवरून तिला हे नाव दिलं. टर्बिनाफिन हे बुरशीवरचं आपलं हुकमी औषध ज्या एन्झाइमवर काम करतं त्याचा जीनच हिच्यात बऱ्याचदा बदललेला असतो, म्हणून गोळी पोटात गेली तरी बुरशी ढिम्म हलत नाही. त्यात वरून स्टेरॉइडची ट्यूब. एक मुलगा आला होता, लातूरकडचा, एमपीएससीची तयारी करणारा, कॉट बेसिसवर चौघांच्या खोलीत राहायचा. पाच महिने ट्यूब लावत होता. गजकर्णाच्या गोलाच्या आत अजून एक गोल, त्याच्या आत अजून एक, पाण्यात खडा टाकल्यावर लाटा उठतात तसं. हे असं गोलात गोल दिसलं की मी आधी ट्यूबच मागते. आणि जांघेत कातडी पातळ होऊन लांब लांब जांभळट चिरा पडलेल्या, बाळंतपणानंतर पोटावर पडतात तशा. गजकर्ण त्याचं तीन महिन्यांनी गेलं, चिरा मात्र रंगाने फिक्या झाल्या तरी तशाच राहणार आहेत. बावीस-तेवीस वर्षांचं पोर, घरी सांगायला लाजत होता म्हणून मेडिकलमध्ये गेला, मला त्याचं फार वाईट वाटलं.

खरंतर २०१८ मध्ये सरकारने लावायच्या स्टेरॉइडची बरीच मलमं शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी मिळतात, त्यामुळे आपणच ट्यूब उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचायचं. नावाच्या शेवटी "सोन" आलं, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, की समजायचं स्टेरॉइड आहे. क्लोबेटासॉल हे सगळ्यात जहाल, त्याच्या शेवटी "सोन" नाही म्हणून ते वेगळं लक्षात ठेवा. क्लोट्रिमाझोल, किटोकोनाझोल, लुलिकोनाझोल ही बुरशीची औषधं, ती चालतील. स्टेरॉइड वाईट औषध आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही, इसबावर, सोरायसिसवर तेच लागतं आणि मीही लिहून देते, फक्त इन्फेक्शनवर आपल्या मनाने नको.

मग गजकर्णाला करायचं काय. एखाद-दुसरा छोटा चट्टा असेल तर नुसतं बुरशीचं मलम पुरतं, पण ते चट्ट्याच्या कडेबाहेर बोटाच्या रुंदीइतकं लावायचं, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे सरकलेली असते. आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही निदान दोन आठवडे चालू ठेवायचं. इथेच सगळे चुकतात, खाज थांबली की ट्यूब कपाटात. जास्त पसरलं असेल किंवा आधी स्टेरॉइड लावलं असेल तर पोटातून गोळ्या, बहुतेक वेळा इट्राकोनाझोल, चार ते आठ आठवडे, कधी अजून जास्त. ही कॅप्सूल पोटभर जेवल्यावर घ्यायची, पोटातलं अॅसिड असेल तर ती अंगी लागते, आणि आपल्याकडे निम्मं घर सकाळी उठून अॅसिडिटीची गोळी घेतं, त्याने कॅप्सूल वाया जाते, मग पेशंट म्हणतो औषध लागू पडत नाही. हार्ट फेल्युअर असलेल्यांना ही देत नाहीत आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशीही हिचं जमत नाही, म्हणून चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना सांगा, अगदी किरकोळ वाटली तरी.

कपड्यांचं निम्मं काम आहे. ज्याला झालंय त्याचा टॉवेल, चड्डी, पायजमा वेगळा, कडकडीत गरम पाण्यात भिजवून धुवायचा, उलटा करून उन्हात टाकायचा, ऊन नसेल तर इस्त्री फिरवायची, शिवणीवरून जरा जास्त. अंघोळीनंतर जांघा-काखा कोरड्या पुसून मग कपडे घालायचे. घरात अजून कुणाला असेल तर त्याचंही औषध आत्ताच, नाहीतर नवऱ्याचं बरं होईपर्यंत बायकोला आणि तिचं बरं होईपर्यंत परत त्याला, अशी वर्षं काढलेली घरं मी बघितलीत.

शंका असली तर एक सोपी टेस्ट आहे, चट्ट्याच्या कडेचा कोंडा काचेवर खरवडून घ्यायचा, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं, बुरशीचे धागे असले तर दिसतात. दुखत नाही, रक्त काढत नाहीत.

आता खरूज. या नावाचीच लोकांना लाज वाटते, "आमच्याकडे खरूज कशी होईल, आम्ही दोन वेळा अंघोळ करतो." स्वच्छतेशी तिचा फारसा संबंध नाही हो, जवळ झोपणं, हात हातात घेणं, एक पांघरूण, एवढ्याने होते. अभ्यासिकेत दिवस काढणारी आणि एका खोलीत चार कॉट टाकून राहणारी मुलं माझ्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न मी हाच विचारते की खोलीत अजून कुणाला खाजतंय का आणि रात्री जास्त होतं का. दोन्हीला हो आलं की बोटांच्या बेचक्या, मनगट, बेंबीभोवती, कंबर, काखा आणि मुलांच्या बाबतीत गुप्तांग बघायचं, तिथे बारीक पुटकुळ्या असतात, लहान बाळांना तळहात-तळपायावर पण येतात. किडा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही छोटा, मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा करून अंडी घालते. पहिल्यांदा होते तेव्हा खाज सुटायला चार-सहा आठवडे लागतात, म्हणजे काहीही न होणारा रूममेटसुद्धा किडा घेऊन फिरत असू शकतो, म्हणून औषध सगळ्यांना एकाच रात्री, खाजत असो वा नसो. ही अट न पाळल्याने जितक्या खरजा परत आल्यात तितक्या दुसऱ्या कशानेच आल्या नसतील.

औषध साधं आहे, पाच टक्के पर्मेथ्रिन क्रीम. पण लावायची पद्धत चुकली की गेलं. नुसतं खाजतं तिथेच नाही, मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत सगळीकडे, बेंबीत, बेचक्यांत, नखांच्या खाली, पाठीला दुसऱ्याकडून लावून घ्यायचं, मोठ्या माणसाला एका वेळी साधारण तीस ग्रॅमची ट्यूब लागते. रात्री लावून आठ ते चौदा तास ठेवायचं, मधे हात धुतले तर हाताला परत लावायचं, सकाळी अंघोळ. आठवड्याने परत एकदा. गेल्या तीन दिवसांतले कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यातून काढायचे, आणि जे धुता येत नाही, गादी-बिदी सोडून, ते पिशवीत बांधून ठेवून द्यायचं, कारण माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्याही असतात, त्या वजनावर ठरतात, पंधरा किलोच्या खालच्या मुलांना आणि गरोदर बाईला देत नाहीत. आणि हे नीट ऐका, किडा मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहते, मेलेल्या किड्याच्या अवशेषांची ती अॅलर्जी असते. लोक घाबरून रोज पर्मेथ्रिन चोळत बसतात, त्याने कातडी कोरडी पडून अजून खाजतं. खोबरेल तेल आणि रात्रीची खाजेची गोळी, एवढं पुरे.

लहान मुलांच्या नाकाखाली, तोंडाभोवती मधासारख्या पिवळ्या खपल्या येतात, बालवाडीत एकाला आल्या की आठवड्यात चौघांना, ते बॅक्टेरियाचं इन्फेक्शन. कोमट पाण्याने खपली भिजवून हळूच काढायची, कारण खपलीवर लावलेलं मलम आत पोचतच नाही, मग म्युपिरोसिन मलम दिवसातून दोन-तीनदा, पाचेक दिवस. खूप असतील किंवा ताप असेल तर तोंडाने अँटिबायोटिक. औषध सुरू होऊन चोवीस तास होईपर्यंत शाळेत पाठवू नका. एक गोष्ट आयांनी लक्षात ठेवायची, पुळ्या बऱ्या झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी मुलाचा चेहरा सुजला किंवा लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी दाखवायचं, क्वचित काही बॅक्टेरियामुळे नंतर किडनीला सूज येते.

गळू, केस्तूड, काखेतलं करट, सगळी एकाच घरची. पू एकदा जमला की तो बाहेर काढणं हाच उपचार, पुवाच्या गोळ्यात अँटिबायोटिक नीट पोचतच नाही. कच्चं असेल तर गरम पाण्यात बुडवलेल्या फडक्याने दिवसातून तीन-चारदा दहा-पंधरा मिनिटं शेकायचं, बऱ्याचदा आपोआप फुटतं. दाबायचं मात्र नाही, खास करून नाक आणि वरच्या ओठाच्या भागातलं. चुना लावून आलेल्या गळवाला भाजल्याची जखम वेगळी झालेली असते, तेही नको. आणि वारंवार गळवं येत असतील तर शुगर तपासा, माझ्याकडे कितीतरी जणांचा डायबेटिस पाठीवरच्या गळवामुळे सापडलाय.

आता ज्याची मला खरी भीती वाटते ते. आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात, नाना पेठ-भवानी पेठेत नुसती गर्दी असते, तेव्हा एका वर्षी एक वारकरी मावशी आल्या, "डॉक्टरीणबाई, चिखल्या झाल्यात, मलम द्या तेवढं." पायाची बोटं ओली राहून बेचक्यात पांढरं, भिजलेलं, चिरलेलं होतं ते म्हणजे चिखल्या, सगळ्यांना माहीत असतं, फार कुणी मनावर घेत नाही. मी म्हटलं, माउली, लुगडं जरा वर घ्या, आणि बघते तर घोट्यापासून पोटरीपर्यंत पाय लाल, गरम, ताणलेला, आणि अंगात ताप. चिखल्यांच्या चिरेतून बॅक्टेरिया आत गेले होते. याला सेल्युलायटिस म्हणतात, वरवरचं असेल तर जुनी माणसं धावरं म्हणायची. मावशींना पुढे चालत जायचं होतं, पाय वर करून झोपायला त्या तयारच नव्हत्या, शेवटी त्यांच्या दिंडीच्या प्रमुखांना बोलावून समजावलं तेव्हा चार दिवस पुण्यात लेकीकडे थांबल्या आणि मग एसटीने जाऊन दिंडीला गाठलं.

सेल्युलायटिस बहुतेक वेळा एकाच पायाला होतो. दोन्ही पाय एकदम लाल असतील तर कारण बहुधा दुसरं असतं, आणि पोटरी नुसतीच सुजून दुखत असेल तर शिरेत रक्ताची गाठ नाही ना ते बघावं लागतं. मी लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारून देते, घरच्यांना सांगते की औषध सुरू केल्यावर पहिला दिवस-दीड दिवस लाली रेघेच्या जरा बाहेर गेली तरी घाबरू नका, पण दोन दिवसांनंतरही पुढे चालली असेल तर लगेच या. पाय उशीवर वर ठेवायचा, त्याने निम्मं दुखणं उतरतं. आणि बेचक्यांवरच्या बुरशीचा उपचार सोबतच, नाहीतर पुढच्या पावसात परत तेच.

पण लाली तासातासाला पसरतेय, कातडी जांभळी-काळी पडतेय, फोड येतायत, दिसतं त्यापेक्षा दुखणं भयंकर आहे किंवा उलट तिथे बधिर झालंय, माणूस गुंगीत आहे, असं काहीही असेल तर माझ्याकडे पण येऊ नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलला, रात्रीचे दोन वाजले असले तरी. आतला थर सडवत जाणारं इन्फेक्शन असतं ते, त्याला ऑपरेशन लागतं आणि सकाळपर्यंत थांबणं परवडत नाही. डायबेटिसवाल्यांनी हे जास्तच मनात ठेवा.

नागीण. पाठीतून पुढे पट्ट्यासारखे फोड, शरीराच्या एकाच बाजूला, आणि फोडांच्या आधी दोन-तीन दिवस तिथे जळजळ. लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या तोच व्हायरस नसेच्या मुळाशी झोपलेला असतो, तो उठतो. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो असं आमच्याही घरात सांगायचे. ती एका नसेच्या पट्ट्यातूनच चालते आणि सहसा मधली रेघ ओलांडत नाही, त्यामुळे ती भीती मनातून काढून टाका. मला काळजी वेगळ्याच गोष्टीची असते, की गेरू लावण्यात, उतरवून घेण्यात पहिले तीन दिवस जातात. अॅसायक्लोविर किंवा व्हॅलासायक्लोविर पहिल्या ७२ तासांत सुरू झालं तर सगळ्यात चांगलं, फोड लवकर सुकतात. म्हाताऱ्या माणसांना फोड गेल्यावरही महिनोन् महिने नस दुखत राहते, लुगड्याचा पदर लागला तरी कळ जाते, ते बघवत नाही. कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. आणि घरात गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल तर त्यांना दूर ठेवा, ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला यातून कांजिण्या होऊ शकतात.

पावसाळ्यात सकाळी उठल्यावर मानेवर अचानक भाजल्यासारखा पट्टा दिसला तर तोही नागीण समजून लोक येतात, तो बऱ्याचदा किडा चिरडल्याने होतो, ज्याला सगळे अॅसिड किडा म्हणतात, दिव्यावर येतो. अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकून उडवा आणि जागा साबणाने धुवा.

छाती-पाठीवरची फिकट, बारीक कोंड्याची शिबं निरुपद्रवी असतात, किटोकोनाझोलच्या शाम्पूने जातात, रंग मात्र परत यायला काही महिने लागतात. फक्त एखादा फिकट चट्टा असा असेल की तिथे टोचलेलं, गरम-गार कळतच नाही, तर तो लपवू नका, कुष्ठरोगाची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत आणि वेळेत घेतली तर माणूस पूर्ण बरा होतो.

तर डॉक्टरांकडे जाताना, माझ्याकडे या किंवा ससून हॉस्पिटलच्या स्किन ओपीडीत जा, आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून घेऊन जा, रिकाम्या पण, आणि कुणी काय लावायला दिलं होतं ते न लाजता सांगा, कुणी रागावणार नाही. पहिल्यापासून किती दिवस झाले, घरात-खोलीत अजून कुणाला आहे, शुगर आहे का, एवढं आठवून ठेवा. फोनमध्ये पहिल्या दिवसाचा फोटो असेल तर फारच छान. आणि त्या दिवशी चट्ट्यावर काही लावून येऊ नका, पावडरसुद्धा नको, नाहीतर खरवडून काचेवर घेतलं तरी बुरशी दिसत नाही आणि परत एक फेरी पडते.